प्रोड्यूस्ड वॉटरमधलं तेल पुन्हा पुन्हा मर्यादेबाहेर जातंय? तपास कुठून सुरू करावा

तेलविहिरीतून तेल आणि वायूबरोबर जे खारं पाणी वर येतं ते प्रोड्यूस्ड वॉटर. सेपरेटरमधून (तेल, वायू आणि पाणी वेगळं करणारं मोठं भांडं) निघालेलं हे पाणी आधी सीपीआयमधून (तिरप्या नालीदार पत्र्यांचा सेपरेटर) किंवा हायड्रोसायक्लोनमधून (पाणी जोरात फिरवून तेल वेगळं करणारं यंत्र) जातं. मग येतो आयजीएफ, म्हणजे वायूचे बुडबुडे सोडून तेल वर तरंगवणारी टाकी, आणि काही ठिकाणी शेवटी फिल्टर. मुंबई हायच्या फलाटांवर काम करणाऱ्यांना, उरणसारख्या किनाऱ्यावरच्या प्लांटमधल्यांना आणि आखातात गेलेल्या मराठी ऑपरेटरांना ही साखळी पाठ असते. इथे एकाच बिघाडाबद्दल लिहिलं आहे: शेवटच्या नमुन्यात तेल वाढतं, काहीतरी केल्यावर उतरतं आणि आठवडाभरात पुन्हा वाढतं.

लक्षणं

- रोजच्या नमुन्यांत तेल-ग्रीसचा आकडा कधी मर्यादेत, कधी दुप्पट. ठरावीक वेळेला किंवा ठरावीक शिफ्टला वाढण्याचा कल.
- बाहेर पडणारं पाणी चहासारखं तपकिरी, दुधाळ किंवा करडं-काळं.
- पाणी सोडतो त्या जागी चंदेरी किंवा सप्तरंगी तवंग. सप्तरंगी तवंगाची जाडी साधारण ०.३ ते ५ मायक्रॉन असते आणि चंदेरी त्याहून पातळ, त्यामुळे तेल थोडं असलं तरी तवंग लांबवर पसरतो.
- आयजीएफमध्ये फेस कमी किंवा काळा, चिकट.
- हायड्रोसायक्लोनच्या रिजेक्ट लाईनमध्ये (वेगळं झालेलं तेलकट पाणी नेणारी) प्रवाह जवळजवळ बंद.
- रसायनाचा डोस वाढवूनही सुधारणा नाही, उलट पाणी आणखी गढूळ.

आकडा मर्यादेबाहेर गेला की पहिलं काम पाणी ऑफ-स्पेक टाकीकडे (मर्यादेबाहेरचं पाणी साठवायची टाकी) वळवण्याचं. टाकी नसेल तर पाणी जास्त देणाऱ्या विहिरी कमी करायला पॅनलला (कंट्रोल रूमला) सांगा. तपास त्यानंतर. मर्यादा भारतीय नियमांत स्पष्ट आहेत. समुद्रातल्या फलाटावरून सोडताना ९५ टक्के निरीक्षणांत तेल ४० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत हवं आणि १०० च्या वर कधीही जाता कामा नये. दर आठ तासांनी एक, असे दिवसाचे तीन नमुने घेऊन त्यांची सरासरी पाहायची. किनाऱ्यावरच्या सोडणीसाठी हीच मर्यादा १० आहे. हे सगळं पाण्यात पाणी न मिसळता. फायर-वॉटर किंवा समुद्राचं पाणी मिसळून आकडा खाली आणणं बेकायदा तर आहेच, शिवाय तेल तेवढंच बाहेर जातं. तासाला २०० घनमीटर पाण्यात ४० मिलिग्रॅम म्हणजे तासाला ८ किलो, दिवसाला १९२ किलो तेल. करंजाच्या खाडीत किंवा फलाटाजवळ जाळं टाकणाऱ्याच्या दृष्टीने हे किलोच खरे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा क्रम तिच्यावर उभा आहे. आकडा शेवटच्या यंत्रावर दिसतो, म्हणून सगळे त्याच यंत्रावर तुटून पडतात. कारण बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतं, किंवा मागच्या दाराने परत येणाऱ्या स्लॉपमध्ये (यंत्रांनी वेगळं काढलेलं तेलकट मिश्रण). म्हणून नमुना तपासून झाला की आधी वरच्या बाजूची कारणं आणि स्लॉप बघायचं, शेवटची यंत्रं शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. नमुना खरा आहे का?

फुकटात होणारी तपासणी आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी. आडव्या पाईपच्या माथ्यावरच्या नळातून नमुना घेतला तर तरंगलेलं तेल येतं, तळच्या नळातून घेतला तर वाळू आणि गाळ. उभ्या पाईपवरचा किंवा बाजूचा नळ वापरा. नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग प्रवाहाला हात न लावता बाटली भरा.

बाटली काचेची आणि रुंद तोंडाची हवी. प्लास्टिकच्या भिंतीला तेल चिकटतं. नमुन्याच्या पाण्याने बाटली खंगाळू नका, कारण खंगाळताना काचेला तेल लागतं आणि आकडा खोटा वाढतो. सामू २ च्या खाली येईल इतकं आम्ल घालून बाटली थंड ठेवा. लॅबने अख्खी बाटली वापरायला हवी आणि बाटलीची आतली बाजूही द्रावकाने धुऊन घ्यायला हवी. बाटलीतून अर्धं पाणी ओतून केलेली चाचणी निरुपयोगी. तेल-ग्रीससाठी आपल्याकडे आयएस ३०२५ चा भाग ३९ लागू होतो. दोन लॅबचे आकडे जुळत नसतील तर आधी दोघांची पद्धत एकच आहे का ते विचारा.

ऑनलाईन अ‍ॅनलायझर असेल तर त्याची काच पुसून पुन्हा वाचा. काचेवर मेण किंवा स्केल (क्षारांचा कडक थर) बसलं की तो स्वच्छ पाण्यालाही तेलकट म्हणतो.

२. बाटली उजेडात धरा

गरम, ताजा नमुना पारदर्शक बाटलीत घ्या आणि तीस मिनिटं न हलवता ठेवा. या अर्ध्या तासात पुढचा बराच खर्च वाचतो.

वर तेलाचा थर आला आणि खालचं पाणी स्वच्छ झालं, तर थेंब मोठे आहेत. म्हणजे यंत्रणेत पाण्याला थांबायला वेळ मिळत नाही, पातळी चुकली आहे किंवा स्किमिंग (वर आलेलं तेल काढून घेणं) होत नाही. तपासणी ४ कडे जा.

पाणी अर्ध्या तासानंतरही दुधाळ किंवा तपकिरीच राहिलं, तर थेंब फार बारीक आहेत. कुठल्या तरी व्हॉल्व्हने किंवा पंपाने ते फोडले आहेत, किंवा एखादं रसायन त्यांना एकत्र येऊ देत नाही. थेंबाचा व्यास निम्मा झाला की तो वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो, आणि कितीही मोठी टाकी दिली तरी ती कमी पडते. तपासणी ५ आणि ६.

काळे कण दिसतात, काही तळाला, काही मध्येच लटकलेले? हे बहुधा लोह सल्फाइड. ते तेलाच्या थेंबाला चिकटलं की थेंब ना धड वर जातो ना खाली, आणि सेपरेटर व आयजीएफ दोन्हींतून सटकतो. खात्री करायला त्यात आम्ल टाकायचा मोह होतो. तो उघड्यावर टाळा. त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, म्हणून ही चाचणी लॅबच्या फ्यूम हूडमध्येच करायची.

पाणी काचेसारखं स्वच्छ आहे आणि तरी लॅबचा आकडा जास्त आहे, तर बहुधा तेल विरघळलेलं आहे: सेंद्रिय आम्लं, फिनॉलसारखी संयुगं. नमुन्यात आम्ल घातल्यावर ही आम्लं द्रावकात उतरतात आणि तेल म्हणून मोजली जातात. लॅबला सिलिका जेल वापरून दुसरी चाचणी करायला सांगा. आकडा एकदम पडला तर सीपीआय किंवा हायड्रोसायक्लोनशी झटापट करण्यात अर्थ नाही, ती यंत्रं विरघळलेलं काढतच नाहीत. पण कायद्याला आकडा ठरलेल्या पद्धतीचाच दाखवावा लागतो, म्हणून इथेच थांबून प्रोसेस इंजिनिअरला बोलवा.

३. लॉगबुक: गेल्या तीन दिवसांत काय बदललं?

पिगिंग (पाईपलाईन साफ करायला आतून पिग नावाचा बोळा सोडणं) झालं का? पिग आपल्या पुढे मेण, स्केल आणि काळा गाळ ढकलत आणतो. मुंबई हायच्या तेलात मेण आहे, त्यामुळे हे इथे जास्त जाणवतं. विहिरीला आम्ल दिलं का? परत येणारं आम्लपाणी सामू खाली खेचतं, सोबत लोह आणि बारीक कण आणतं. नवी विहीर जोडली का? करोजन इनहिबिटरचा (गंज रोखणारं रसायन) बॅच डोस गेला का? अनेक इनहिबिटर साबणासारखे वागतात आणि तेलाचे थेंब पाण्यात टिकवून धरतात. रसायनाचं नवं ड्रम लागलं का, आणि त्यावरचं लेबल खरंच पूर्वीचंच आहे का?

या नोंदींच्या वेळा आणि तेलाच्या आकड्यांच्या वेळा एकाच कागदावर मांडा. वारंवार येणारा बिघाड बहुधा याच कागदावर सापडतो.

४. पातळ्या आणि स्किमिंग

सेपरेटरमधल्या तेल-पाण्याच्या सीमेची पातळी ट्रान्समीटर सांगतो, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गेज ग्लास (पातळी दाखवणारी काच) ब्लो-डाऊन करून स्वच्छ करा आणि दोन्ही ताडून पाहा. सीमेवर इमल्शनचा (तेल आणि पाण्याचं घट्ट मिश्रण) जाड थर असेल तर ट्रान्समीटर त्या थराचा वरचा किंवा खालचा काठ पकडतो आणि पॅनलवरचा आकडा छान दिसत असताना पाण्याच्या लाईनीत इमल्शन जात असतं. ट्राय कॉक (वेगवेगळ्या उंचीवरचे नमुन्याचे नळ) असतील तर वरून खाली एकेक उघडून थराची खरी जाडी काढा.

सीपीआयमधली तेलाची बांध-पट्टी वर राहिली तर तेल तिथेच साचतं, शिळं होतं, घट्ट होतं आणि शेवटी पाण्याबरोबर जातं. फार खाली असली तर स्लॉपमध्ये पाणीच पाणी. रोज एकदा झाकण-खिडकीतून पाहा. आयजीएफमध्ये फेस बांधावरून सारखा, सलग ओघळायला हवा.

तापमानही याच फेरीत नोंदवा. ६० अंशांचं पाणी ४० वर आलं तर त्याचा चिकटपणा सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढतो आणि थेंब वर चढण्याचा वेग जवळजवळ तीन-दशांशांनी घटतो. हीटर ट्रीटरचा (तापवून तेल-पाणी वेगळं करणारं भांडं) बर्नर कमी चालतोय का, हे बघायला पाच मिनिटं लागतात.

५. डोसिंग: आधी मोजा, मग बदला

पंपाच्या स्ट्रोकवरचा टक्का म्हणजे डोस नव्हे. कॅलिब्रेशन सिलिंडर भरा, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि एका मिनिटात किती मिलिलिटर उतरतं ते घड्याळ लावून पाहा. तासाला २०० घनमीटर पाण्याला १० पीपीएम म्हणजे तासाला २ लिटर, मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर. १० उतरत असेल तर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सक्शनची जाळी किंवा लाईनीत अडकलेली हवा बघा.

डीऑइलर (पाण्यातले तेलाचे थेंब एकत्र आणणारं रसायन) कमी पडला तर पाणी गढूळ राहतं, आणि जास्त झाला तरीही. हे बहुतेक डीऑइलर धनभारित पॉलिमर असतात. थेंबांवरचा ऋणभार मारायला लागतो तेवढ्याने ते एकत्र येतात. त्याहून जास्त घातलं की थेंब धनभारित होऊन पुन्हा एकमेकांना ढकलतात. म्हणून आकडा वाढला की डोस वाढवण्याची सवय घातक आहे. सहा बाटल्यांत ०, ५, १०, १५, २० आणि ३० पीपीएम घालून, सगळ्या सारख्या हलवून, दहा मिनिटांनी खालच्या पाण्याची तुलना करा. आत्ताच्या डोसपेक्षा कमी डोसची बाटली स्वच्छ असेल तर डोस उतरवा.

आणखी एक. ऋणभारित रसायन आणि धनभारित डीऑइलर एकाच नोझलजवळ सोडले तर दोघं एकमेकांना धरून चिकट गोळे होतात. इंजेक्शनच्या जागा लांब ठेवा.

६. थेंब कोण फोडतंय?

दाब खूप पाडणारा, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह थेंबांचा चुरा करतो. लेव्हल कंट्रोल व्हॉल्व्ह हायड्रोसायक्लोनच्या पुढे, म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूला हवा. आधी असेल तर फुटलेले थेंबच आत जातात. बायपास व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला आहे का, तेही बघा. सेंट्रिफ्यूगल पंपाचं मिनिमम फ्लो रिसर्क्युलेशन उघडं असेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा घुसळलं जातं.

व्हॉल्व्हच्या आधीचा आणि नंतरचा नमुना घेऊन दोन्ही बाटल्या शेजारी ठेवा. नंतरची जास्त वेळ दुधाळ राहिली तर फोडणारा सापडला.

७. स्लॉपचं चक्र

वारंवार येणाऱ्या बिघाडाचं मूळ इथे असण्याची शक्यता सर्वांत जास्त, म्हणून जरा थांबून बघू.

स्किम केलेलं तेल, हायड्रोसायक्लोनचं रिजेक्ट, आयजीएफचा फेस, फिल्टरच्या बॅकवॉशचं पाणी, डेकवरची गटारं: सगळं स्लॉप टाकीत जातं. टाकी भरली की पंप चालू होतो आणि हे मिश्रण पुन्हा सेपरेटरच्या तोंडाशी येतं. जे इमल्शन पहिल्या फेरीत फुटलं नाही ते दुसऱ्या फेरीतही फुटत नाही. बारीक कण आणि उरलेली रसायनं त्याला आणखी टणक करतात. प्रत्येक फेरीत त्यात भर पडते आणि एक दिवस ते सेपरेटरच्या सीमेवर इतकं जाड होतं की पाण्याच्या लाईनीत उतरतं. मग डोस वाढतो, पाणी दोन दिवस बरं दिसतं आणि वाढलेलं रसायनही त्याच चक्रात शिरतं.

ओळखायची खूण सोपी आहे. स्लॉप पंपाच्या चालू-बंद वेळा काढा आणि तेलाच्या आकड्यांशेजारी लिहा. पंप चालल्यावर एक-दोन तासांत आकडा उसळत असेल तर संशय पक्का. टाकीत जागा असेल तर स्लॉपचं परतणं १२ ते २४ तास थांबवा. बाकी काहीही बदलू नका. आकडा उतरला तर कारण हातात आलं.

उपाय असा. स्लॉप एकदम परत पाठवू नका. २० घनमीटर एका तासात ढकलण्याऐवजी १२ तासांत सारख्या प्रवाहाने सोडा. टाकीत गरम करण्याची सोय असेल तर ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून, डीमल्सिफायर (इमल्शन फोडणारं रसायन) घालून, स्थिर ठेवा. तळाचं पाणी वेगळं काढा, वरचं तेल वेगळं. मधला काळपट, लोण्यासारखा थर चक्रात परत घालू नका, तो बाहेरच काढावा लागतो. तेलकट गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतो, त्यामुळे तो अधिकृत प्रक्रिया करणाऱ्याकडेच नोंदीसह द्या. परतीचा पंप सेंट्रिफ्यूगल असेल तर पुढच्या शटडाऊनला प्रोग्रेसिव्ह कॅव्हिटी पंपाचा प्रस्ताव द्या, तो कमी घुसळतो.

कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हे चक्र आणखी बिघडतं. तेलकट गटारांत पावसाचं पाणी शिरतं, स्लॉप टाकी रोज भरते आणि पंप सारखा चालतो. गोड्या पाण्याने खारेपणा उतरतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, गोड्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आयजीएफ तेल कमी उचलतो. मे महिन्यातच स्वच्छ पावसाचं पाणी आणि तेलकट गटार यांच्यामधले गेट, झाकणं आणि बांध तपासा. पावसाळ्यात हे काम होत नाही.

८. हायड्रोसायक्लोन

तीन दाब वाचा: आत, स्वच्छ पाण्याचा आणि रिजेक्टचा. आत ८, पाणी ६, रिजेक्ट ४.६ बार असेल तर ८ वजा ४.६ म्हणजे ३.४ आणि ८ वजा ६ म्हणजे २, भागाकार १.७. हा आकडा साधारण १.६ ते २ मध्ये हवा. घसरला तर रिजेक्ट पुरेसं निघत नाही. दाबाचं गुणोत्तर बरोबर असूनही रिजेक्टचा प्रवाह एकूण पाण्याच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा खूपच कमी असेल तर रिजेक्टची छिद्रं वाळूने किंवा स्केलने बुजली आहेत. ती जेमतेम दोन मिलिमीटरची असतात. आधी बॅकफ्लश करा.

प्रवाह कमी झाला तरीही हायड्रोसायक्लोन हरतो, कारण फिरण्याचा जोर उरत नाही. समजा ३० लायनर (हायड्रोसायक्लोनच्या आतल्या नळ्या) आहेत आणि उत्पादकाने प्रत्येकी किमान २ घनमीटर सांगितलं आहे. प्रवाह ४५ वर आला तर प्रत्येकी १.५ मिळतं. १२ लायनर काढून ब्लँक लावले की उरलेल्या १८ ना प्रत्येकी २.५ मिळतं. विहिरी बंद पडल्यावर हे लक्षातच घेतलं जात नाही. व्हेसल उघडावं लागतं, म्हणून परमिट आणि आयसोलेशनशिवाय नाही.

९. आयजीएफ, सीपीआयचे पत्रे, फिल्टर

आयजीएफमध्ये एज्युक्टरची (वायू पाण्यात ओढून घेणारा भाग) जाळी आणि वायूची लाईन बघा. चारपैकी एका कप्प्यात बुडबुडे नसतील तर ते खिडकीतून दिसतं. वायू कमी पडतो म्हणून हवा जोडू नका. ऑक्सिजनने गंज वाढतो आणि आत ज्वलनशील वाफ असते.

सीपीआयच्या पत्र्यांमधली फट साधारण १९ मिलिमीटर असते. मेण आणि वाळूने ती भरली की पाणी उरलेल्या फटींतून वेगाने जातं. आत येणारा आणि बाहेर पडणारा आकडा जवळजवळ सारखा असेल तर पत्रे बुजले असं समजा. साफसफाई गरम पाण्याने आणि कमी दाबाने करावी. जोराच्या जेटने फायबरचे पत्रे फुटतात.

फिल्टरवरचा दाबफरक बॅकवॉशनंतरही उतरत नसेल तर माध्यम तेलाने गोळा झालं आहे आणि बदलावं लागेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म वाजला, मीटर १० पीपीएमवर गेला की जागा सोडा. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. समुद्राचं पाणी इंजेक्ट केलेल्या क्षेत्रात सल्फेट खाणारे जिवाणू हा वायू आणि ते काळं लोह सल्फाइड दोन्ही बनवतात. बायोसाइड कोणतं, किती आणि कुठे, हे रसायन पुरवठादाराच्या आणि स्वतःच्या केमिस्टच्या लेखी सल्ल्यानेच.

कोणत्याही व्हेसलमध्ये उतरायचं असेल तर बंदिस्त जागेचं परमिट आणि प्रशिक्षित टीम. सुकलेलं लोह सल्फाइड हवेत आपोआप पेटतं, म्हणून उघडल्यापासून गाळ ओला ठेवायचा. बेरियम आणि स्ट्रॉन्शियम सल्फेटच्या कडक स्केलमध्ये रेडियम असू शकतं. खरवडण्याआधी किरणोत्सर्गाचं मोजमाप झालंच पाहिजे, आणि ते रेडिएशन सेफ्टीच्या अधिकृत माणसाने करायचं.

विरघळलेलं तेल, फिनॉल किंवा क्षार मर्यादेबाहेर असतील तर वरच्या कुठल्याच तपासणीने ते जाणार नाहीत. जमिनीवर सोडायचं तर क्लोराइड ६०० आणि एकूण विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅमची अट आहे, आणि प्रोड्यूस्ड वॉटर सहसा त्याच्या कितीतरी पट खारं असतं. ओमानमध्ये निम्र इथे आधी हायड्रोसायक्लोनने तेल काढतात, मग पाणी बोरूच्या मोठ्या वाफ्यांतून नेतात. तिथेही क्षारांसाठी शेवटी बाष्पीभवनाची तळी लागतातच. सोडलेल्या विहिरीत पाणी परत घालायचं तर आपल्याकडे १००० मीटरखालीच, आणि तेल १० व तरंगते कण १०० मिलिग्रॅमच्या आत. हा निर्णय जलाशय अभियंता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीने होतो, शिफ्टवर नाही.

तपासणी ७ पर्यंत सगळं करूनही सलग दोन दिवस आकडा उतरला नाही, तर प्रोसेस इंजिनिअरला बोलवा. त्याच्या हातात द्यायचे कागद: सात दिवसांचे आठ-तासी तेलाचे आकडे, प्रत्येक यंत्राच्या आधीचे आणि नंतरचे नमुने, तापमान, सामू, प्रवाह, मोजलेले डोस, स्लॉप पंपाच्या वेळा आणि तीस मिनिटं ठेवलेल्या बाटल्यांचे फोटो, प्रत्येकावर तारीख, वेळ आणि नळाचा नंबर.